माघारीचे दिवस

शाल्मली चारच पदार्थ खायची. मेतकूट-भात, केळं, दूध आणि एका ठरावीक कंपनीचं नारळाचं बिस्किट. एकोणीस वर्षांची झाली तरी चारच. "अगं रेणुका, दोन दिवस उपाशी ठेव, भूक लागली की खाईल सगळं," असं मला सांगणारी माणसं खूप भेटली. त्यांना मी पुन्हा चहाला बोलावलं नाही.

माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. बोलत नाही, पण तिला कळतं सगळं, आणि आपल्याला जे कळत नाही तेही कळतं. तिला जेवणात चव नको असते, खात्री हवी असते. काल ताटात जे होतं तेच आज असलं पाहिजे, तसूभरही इकडेतिकडे नाही. मेतकूट म्हणजे काय, भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, मेथी, सुंठ, हिंग, हळद यांची पूड. मऊ भातावर घालायची, वर तूप आणि मीठ. महाराष्ट्रातली निम्मी आजारपणं यावर निघालीत. पण शाल्मलीला मेतकूट लागायचं ते मिरजेच्या मोनेकाकांचं, 'सुमती मेतकूट'. पिवळा पुडा, त्यावर काकांच्या आईचा नथ घातलेला फोटो. नवा पुडा आणला की ती आधी कानाशी धरून हलवायची, मग मी कात्रीने कोपरा कापायचा, मग तिने वास घ्यायचा आणि मगच माझ्या हातात द्यायचा. एवढं झालं की ताट-दीड ताट भात सरळ पोटात जायचा. मी घरी मेतकूट करून पाहिलं नाही असं समजू नका. तीस वेळा केलं. तीसही वेळा तिने ताट दोन बोटांनी पुढे ढकललं.

माझा नवरा गिरीश. सांगलीत विश्रामबागेत आमचं केळकर किराणा होतं, सासऱ्यांच्या वेळचं. अकरा प्रकारचा चहा, सात प्रकारचे पोहे, आणि कोणाच्या घरी कुठला लागतो हे गिरीशला तोंडपाठ. पाच वर्षांपूर्वी 'सोबत' नावाची कंपनी आली आणि गावातली दुकानं एकेक करून आपल्या छत्राखाली घेऊ लागली. जी आली नाहीत त्यांचा मालच बंद झाला, कारण घाऊक व्यापारीही कंपनीनेच घेतले होते. गिरीश शहाणा, वेळेवर गेला. पाटी बदलली, अंगात हिरवा टी-शर्ट आला, आणि मालकाचा 'दुकानप्रमुख' झाला. पहिलं वर्षभर सगळं स्वस्त मिळत होतं. मीसुद्धा बायकांना सांगत होते, बघा, उगाच घाबरत होतो आपण.

मग 'पारख' आलं.

गिरीश पुण्याला चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला, आणि जेवताना त्याने मला सगळं समजावून सांगितलं. लहान मुलासारखा रंगून सांगत होता. म्हणाला, "रेणू, आजवर दुकानदाराला एवढंच कळायचं की काय खपलं. काय नसलं तर चालतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पारख ते मोजतं."

पारख म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर, त्याची रीत अशी. शेल्फच्या प्रत्येक फळीखाली वजनकाटा आणि वर बारीक कॅमेरा. पारख अधूनमधून मुद्दाम एखादा माल गायब करतं. गोदामात पोती पडलेली असतात, पण फळी रिकामी. मग ते बघत बसतं. कोण थांबलं, किती सेकंद थांबलं, कपाळाला आठ्या पडल्या का, कुणाला विचारलं का, आणि कितव्या दिवशी त्या माणसाने मुकाट शेजारचा पुडा उचलला. त्या दिवसांना नाव आहे, माघार-काळ. देशभरातल्या काही कोटी घरांचा हिशेब लावल्यावर त्यांना कळलं, की माणूस टूथपेस्टसाठी सहा दिवस अडून बसतो, पावासाठी चार, चहासाठी तेवीस. आपल्याला वाटतं आमच्या घरी हेच लागतं, दुसरं चालत नाही. कसलं काय! चौथ्या दिवशी चालतं.

"मग?" मी विचारलं.

"मग ज्याचा माघार-काळ कमी, तो ब्रँड काढून टाकायचा. लोक दुसरा घेतातच. गोदाम वाचलं, गाड्या वाचल्या. आणि ज्याचा जास्त, त्याची किंमत वाढवायची. जिथे लोक माघार घ्यायला लागतील तिथवर."

"म्हणजे जे सोडवतं ते मिळणार नाही, आणि जे सोडवत नाही ते परवडणार नाही."

गिरीशने घास ताटात ठेवला. "असं नाही गं सरळ," म्हणाला. पण सरळ तसंच होतं.

वर्षभरात अकरा चहांचे दोन झाले. पोहे एकच, जाड. लोक आठवडाभर कुरकुरले आणि घेऊ लागले. मीही घेतले. आमच्या घरात माघार न घेणारं माणूस एकच होतं. नारळाचं बिस्किट गेलं, तेव्हा शाल्मलीने नऊ दिवस डबा उघडून पाहिला. दहाव्या दिवशी तो डबा तिने कपाटावरून खाली ठेवला आणि बिस्किट हा विषय संपला. मग दुधाची पिशवी बदलली आणि दूध गेलं. ती दुसरं काही धरत नाही हो, नुसतं सोडते. राहिलं काय, तर दिवसाला एक केळं, तेही डाग नसलेलं, आणि मेतकूट-भात. माझा जीव त्या पिवळ्या पुड्यात अडकला.

डिसेंबरात सुमती मेतकूट फळीवरून गायब झालं. माझ्याकडे साठ्याला पुडे होते म्हणून निभावलं. तेवीस दिवसांनी परत आलं, किंमत दीडपट. त्या संध्याकाळी गिरीश घरी आला तो चेहरा पाडूनच. "आपल्या भागात हे फक्त चौतीस घरं घेतात," म्हणाला. "पारखने काढायच्या यादीत टाकलंय. खप वाढला तर वाचेल, नाहीतर मार्चनंतर नाही."

त्या दिवशी मी रडले नाही, कारण मला कल्पना सुचली होती. आजही ती आठवली की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

जानेवारी तोंडावर होता. संक्रांतीचं हळदीकुंकू, म्हणजे वाण लुटायचं. दरवर्षी कुणी प्लास्टिकच्या गाळण्या देतं, कुणी साबणाच्या पेट्या, घरोघरी त्यांचा ढीग पडतो. मी म्हटलं, यंदा मेतकूट लुटायचं! दोनशे पुडे मी घेतले. मग आमच्या कॉलनीच्या विभावरीताई साने, त्यांनी शब्द टाकला की पंधरा घरं हलतात, त्यांना जाऊन सगळं सांगितलं. शाल्मलीला त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "रेणुकाताई, पोरीच्या तोंडचा घास आहे. यंदा सगळ्यांचं वाण हेच. बघतेच कोण दुसरं देतं ते!"

आणि खरंच दिलं हो बायकांनी. विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, पार मिरजेच्या वाटेपर्यंत. रथसप्तमीपर्यंत अकराशे पुडे गेले. गिरीश फळी भरून भरून दमला. "आमच्या दुकानात कुठल्या मालाची अशी उचल मी आयुष्यात पाहिली नाही," म्हणत होता. मोनेकाकांचा फोन आला, चौऱ्याऐंशीचं वय, आवाज थरथरत होता. "बाळ, दोन पाळ्या लावल्यात कारखान्यात. आईचा फोटो पुन्हा घरोघरी गेला बघ." किंमत महिन्यात तीनदा वाढली, पण म्हटलं वाढू दे. तिळगूळ वाटताना मी लहान मुलीसारखी हसत होते. त्या हळदीकुंकवाचा फोटो आहे माझ्याकडे. मी बघत नाही.

फेब्रुवारीत सुमती मेतकूट कुणी घेतलं नाही. मार्चमध्ये नाही. एप्रिलमध्ये मी घेतले तेवढेच. घेणार कोण? प्रत्येक घरात सहा-सहा, आठ-आठ पुडे वाणाचे पडलेले! जी चौतीस घरं खरोखर खायची, त्यांच्याकडेही वर्षभराची बेगमी झालेली. पारखला हळदीकुंकू माहीत नाही. त्याला दिसलं एवढंच की एका महिन्यात लोक या मालावर तुटून पडले, किंमत चढली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकूण एक गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. दुसरं काही न घेता. एक दिवसही कुणी अडून बसलं नाही, म्हणून त्याने काढलेला माघार-काळ होता शून्य दिवस. सबंध राज्यात एवढा कमी आकडा कुठल्याच मालाचा नव्हता.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या जागी फळीवर कॉर्नफ्लेक्स होते.

आमचं लग्न सत्तावीस वर्षांचं. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण त्या दिवशी जे बोललो ते पुन्हा गिळता येण्यातलं नव्हतं.

"तू दुकानदार ना?" मी ओरडले. "पुण्याला जाऊन शिकून आलास ना? तुला कळलं नाही, की एकदम घेतलं की पुढे कुणी घेणार नाही?"

"दुकान आपलं असताना असं झालं असतं, तर मी मोनेकाकांना म्हटलं असतं, थांबा, वाणाचं होतं, जूनमध्ये परत सुरू होईल. मला कळतं गं ते! त्याला कळत नाही."

"मग सांग त्याला!"

"कुणाला सांगू?" गिरीश म्हणाला. "तिथे माणूसच नाही, रेणू. पडद्यावर कारण लिहायला जागा असते. मी लिहिलं, हळदीकुंकू. 'कारण यादीत नाही' असं उत्तर आलं." मग तो हळूच म्हणाला, "आणि कल्पना तुझी होती."

खरं होतं, म्हणून जास्त लागलं. पुढे पंधरा दिवस आम्ही फक्त शाल्मलीबद्दल बोललो, तेही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

मिरजेला मोनेकाकांकडे दोघं गेलो. वाटलं होतं थेट त्यांच्याकडूनच घेऊ, पाच किलो, दहा किलो. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडला कुलूप होतं. काका ओसरीवर खुर्चीत बसले होते, अंगात बनियन. म्हणाले, "भट्टी गेली भंगारात. दोन पाळ्यांची माणसं ठेवली होती, त्यांना काय सांगणार? सगळा माल सोबतलाच द्यायचा असा करार होता. त्यांनी नको म्हटल्यावर कुणाला विकू?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी वहीचा कागद फाडून कृती लिहून दिली, साठ वर्षं कुणाला न दिलेली. कुठली डाळ किती भाजायची, मेथी कधी घालायची, सगळं. मी त्यांच्या पाया पडले.

"पण बाळ," ते म्हणाले, "यात गावठी बारका हरभरा लागतो. तुमच्या दुकानातल्या डाळीने नाही होणार. त्याची साल जाड असते, म्हणून तो सावकाश भाजतो आणि तो वास येतो."

"कुठे मिळेल?"

"आमच्याकडे कवठेमहांकाळकडून यायचा. दोन वर्षांमागे तोही पेरायचा बंद झाला. सोबत एकच डाळ घेतं ना, मग बाकीची कोण पेरणार? मी जुना साठा वापरत होतो. तुमच्या संक्रांतीला तो संपला."

गाडीत बसल्यावर गिरीशने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, की पारखने फळी रिकामी केली नव्हती, फळीच्या मागचं शेत रिकामं केलं होतं. मेतकूट गेलं तर गेलं, आता ते परत करता येण्यासारखंही राहिलं नव्हतं. मी कृती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गिरीशचा हात धरला. त्यानेही धरू दिला.

काकांच्या कृतीने बाजारच्या डाळीचं मेतकूट केलं, एकतिसाव्यांदा. शाल्मलीने पुड्याकडे पाहिलं. मी जुन्याच पुड्यात भरून तोंड चिकटवलं होतं. कानाशी हलवला. कात्री लावली. तिने वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्याशी खोटं बोलले. बोललेच होते.

मग मी वाण परत मागायला निघाले. वाण परत मागतात का कधी? आपल्याकडे दिलेल्या वाणाचं नावही काढत नाहीत. पण मी पिशवी घेऊन दारोदार गेले. बायका चांगल्या होत्या, कुणी तोंड वाकडं केलं नाही. "अगंबाई, आम्ही संपवलं गं." "मी कामवालीला दिलं." "पोरं हात लावत नाहीत, टाकलं बहुतेक, थांब बघते." विभावरीताई स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढत होत्या, आणि शेवटी चार पुडे माझ्या हातावर ठेवून त्याच रडायला लागल्या. "आम्हीच घालवलं हो ताई ते." मी म्हटलं, नाही, मी घालवलं. एकूण एकसष्ट पुडे जमले.

ते दिवाळीपर्यंत पुरले असते. पण सगळे एकाच जानेवारीत दळलेले. पावसाळा लागला, ऑगस्टमध्ये एकेक खवट व्हायला लागला. फ्रीजरमध्ये ठेवून पाहिले, तर वासच बदलला. गणपतीच्या चौथ्या दिवशी शाल्मलीने चार पुडे एकापाठोपाठ उघडायला लावले. चारही ठेवून दिले. मग कपाट उघडून उरलेले सगळे तिने नीट ओळीने जमिनीवर ठेवले, खालच्या फरशीवर, जिथे तिने कधी बिस्किटाचा डबा ठेवला होता. मी तिथेच बसले. मला माहीत होतं ती काय करतेय.

पंचेचाळीस किलोंची पोर ऑक्टोबरात बत्तिसावर आली. केळं सुरू होतं, दिवसाला एक. डॉक्टर फार भले होते, त्यांनी सगळे उपाय केले. शेवटी पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवली. आता दिवसातून पाच वेळा पाण्यात पावडर कालवून नळीतून सोडायची. शाल्मली ती नळी ओढत नाही. चव नाही, वास नाही, रोज तंतोतंत तेच. मी दुपारी मोठ्या सिरिंजने सोडत असते आणि ती शांतपणे पंख्याकडे बघत असते, रिकामा पिवळा पुडा कानाशी हलवत. त्यात काही वाजत नाही, तरी हलवते.

त्या पावडरचं नाव पोषा. पूर्वी पाच कंपन्यांच्या अशा पावडरी यायच्या म्हणे. आता एक. औषधांची दुकानंही सोबतनेच घेतलीत, त्यामुळे ती मिळते गिरीशच्याच दुकानात, औषधांच्या कोपऱ्यातल्या फळीवर.

गेल्या मंगळवारी ती फळी रिकामी होती.

गिरीश धावत घरी आला. दुकान सोडून यायची परवानगी नाही, तरी आला. "चाचणी लागलीय पारखची. किती दिवसांची ते मला दिसत नाही. घरात किती आहे?"

"सहा दिवसांचं."

तो खुर्चीत बसला. हिरवा टी-शर्ट घामाने भिजला होता. "ऐक. तू रोज जाशील. पण तिथे रडू नकोस. चेहरा वाचतं ते. फार हवंय असं दिसलं, तर किंमत कुठल्या कुठे नेऊन ठेवेल."

"मग काय करू? हसू?"

"नको! हसलीस, नुसती पुढे निघून गेलीस, तर त्याला वाटेल चालतंय. मग काढूनच टाकेल. सांगलीत ती पावडर किती घरं घेत असतील? दहा? बारा?"

सत्तावीस वर्षं संसार केलेली दोन माणसं बसून ठरवत होती, की पोरीचं अन्न हवं असल्याचं किती दाखवायचं. थोडं दाखवलं तर जाणार, फार दाखवलं तर परवडणार नाही. आरशासमोर उभी राहून मी चेहरा करून पाहिला. मग शरम वाटली आणि दिवा बंद केला.

बुधवारी गेले. ठरवल्याप्रमाणे थांबले, वीस सेकंद, कपाळाला जराशी आठी. गुरुवारी तसंच. आजूबाजूला बायका भाजी घेत होत्या, त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली, मीही हलवली. शुक्रवारी फळीजवळ गेले आणि माझे पाय तिथून हललेच नाहीत. वीस सेकंद झाले, मिनिट झालं. वरचा बारीक कॅमेरा माझ्याकडे बघत होता. मी रिकाम्या फळीवर दोन्ही हात ठेवले, वजनकाट्यावर, आणि सगळा भार टाकला. म्हटलं, घे, मोज. बघ किती हवंय ते. मोठ्याने रडले, भर दुकानात, पदर तोंडाला न लावता. गिरीश काउंटरवरून धावत आला, पण तीन पावलांवर थांबला. मला हात लावला नाही. तोही कॅमेऱ्याकडे बघत होता.

शनिवारी सकाळी फळी भरलेली होती. खालच्या पट्टीवर नवी किंमत लुकलुकत होती, आधीच्या अडीचपट. मी डबे छातीशी धरले, एक, दोन, तीन. मान वर करून त्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"थँक्यू," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.